एकोणचाळीस

रात्री पावणेदोनला अभिनंदन चौगुलेचा फोन.
"मॅडम, लॉग पुसली. अख्खी पुसली. तरी शंभर टक्केच दाखवालंय."
"आणखी काही पुसू नकोस. येतो मी."
(आमच्याकडं बायका 'येतो'च म्हणतात. त्यात विशेष काही नाही.)

शिरोली नाक्यावर पेंडीचा एक टेम्पो, बाकी रस्ता मोकळा.
दूध संघाच्या मागच्या खोलीत एसी खोकत होता
आणि आठ वर्षांचा सर्व्हर
कपाळाला पिवळा दिवा लावून गप्प.

डीएफ म्हणतो, भरलं. शंभरपैकी शंभर.
डीयू फोल्डर-फोल्डर हिंडून येतो, म्हणतो, एकसष्ट.
खोटं कुणीच बोलत नाही.
एक नुसतं पाणी किती चढलं ते बघतो,
दुसरा दारोदार जाऊन माणसं मोजतो.
मधले एकोणचाळीस जीबी कुणाच्याच दारात नाहीत.

एकोणचाळीस.
हा आकडा आमच्या गावात शाळकरी पोरालाही कळतो:
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीसला सामान माळ्यावर.
म्हणून असेल, मी चपला काढल्या
आणि मांडी घालून खुर्चीवर बसलो.

अभिनंदन रुकडीचा, बावीस वर्षांचा, एसीत घामेजलेला.
"मागच्या महिन्याच्या पावत्या उडवू? जागा होईल."
"अरे, पुसल्यानं दारावरची पाटी उतरते फक्त.
आत कोण बसलंय, ते बघ की आधी."

उघड्या फाईलींची यादी मागवली.
शेकडो ओळी सरकल्या, आणि एका ओळीच्या शेवटी
कंसात लिहिलेलं: पुसलेली.
धरून कोण बसलंय? बावीसशे चौदा.
दूध-नोंदीचा प्रोग्राम, चारशे बारा दिवस न झोपलेला.
लिहिलेला दस्तगीर मुजावरांनी,
ज्यांच्या टेबलाचा खण निवृत्तीच्या दिवशीही उघडाच होता.

"मारू?" अभिनंदनचं बोट नऊवर.

नको.
डिस्क भरल्यापासून त्यानं काही लिहिलेलं नाही.
संध्याकाळचं सगळं दूध अजून त्याच्या डोक्यातच आहे.
यमग्याच्या अक्काताई लोहारांचं म्हशीचं,
सव्वातीन लिटर, फॅट साडेसहा,
पावती न घेता गेल्या असतील बिचाऱ्या, उद्या देतो म्हटल्यावर.
नऊनं मारलं तर ते दूध सांडलं नाही, नासलं नाही,
घातलंच नव्हतं, असं होईल.

आणि वेळ कुठं होता.
रॅम काठोकाठ, स्वॅप गच्च.
आणखी थोडं ताणलं की कर्नल स्वतः उठतो,
सगळ्यांत जाडजूड कोण ते बघतो,
आणि न विचारता खाली ठेवतो.
जाडजूड हाच होता.

मग त्याच्याच अंगणातून आत शिरलो.
फाईलीला नाव उरलं नव्हतं,
पण खुंटीचा नंबर होता, चार.
त्या चार नंबरात काहीच नाही ते ओतलं.
एंटर दाबताना श्वास धरला होता का,
आठवत नाही. अभिनंदननं धरला होता.

एकसष्ट.

मग त्याला लिहायचं सुचलं.
बिद्री. मुरगूड. गारगोटी. कोडोली.
यमगे यायला चार मिनिटं लागली.
लोहार अक्काताई. सव्वातीन. साडेसहा.
पाचला गाड्या निघायच्या होत्या, सव्वातीन वाजले होते,
तेही सव्वातीनच, हे नंतर लक्षात आलं.

"मग मी पुसलेलं इतका वेळ होतं कुठं?"
पोरानं चांगलं विचारलं होतं.
मी लॉग रोज फिरवायची ओळ लिहीत होतो, बोललो नाही.

सकाळी मुजावरांना फोन लावला.
"चाललंय न्हवं अजून?"
"चाललंय. पण सर, तुम्ही फाईल बंदच करत नव्हता."
"चाललंय ना? मग हात लावू नको," म्हणाले,
आणि फोन तसाच ठेवून दिला, चालू.
पलीकडं बादली आपटल्याचा आवाज, एक कोंबडा,
कुणीतरी विचारतंय, कोण होतं?
थोडा वेळ ऐकत राहिलो.
मग मीच कट केला.