मंछाबेनचा बल्ब

सावली रोडवर सावली नाही.
मंजूसरच्या पुढं डावीकडं वळलं की
भट्टीचा आवाज आधी भेटतो, मग गेट.
गेटाशी मंछाबेनची चहाची लारी
आणि कारखान्याच्या लाइनीवरून तिला दिलेला
एक पिवळा बल्ब.

मी मीटर लावायला आले होते. सात दिवस.
बिलात दंड येत होता, कपॅसिटर फुगत होते.
फुगलेल्या डब्याकडं बोट दाखवून शेठ म्हणाले,
'मराठी बेन, आ शुं छे?'
म्हटलं, वीज येते आणि काम न करता परत जाते,
वाटेत तारा तापवून.
शेठ हसले. म्हणाले,
असा एक भाचा आहे आमच्याकडं.

कलाभवनच्या फळ्यावर दिघे सर
साइन वेव्ह एका दमात काढायचे,
खडू न उचलता.
इथं तिला दात फुटलेले.
भंगार वितळू लागलं की व्होल्टेज अडखळायचं,
ऑफिसातले पंखे, लॅबमधला काटा
सगळे एकदम दचकायचे.

रात्री तीनला बाहेर आले.
बल्ब फडफडत होता,
मंछाबेननं दूध चढवलंच नव्हतं.
'हजी वार छे,' म्हणाली.
मग बल्ब हळूहळू निवळला.
तिनं गॅस पेटवला, आलं ठेचलं,
आणि चहा वर आला तेव्हा
भीखाजी आणि चौघं, भुवया भाजलेले,
बरोबर गेटातून बाहेर.
अकरा वर्षं. एकदाही चहा निवला नाही.
माझ्या यंत्राची किंमत चौदा लाख.

जानेवारीत फिल्टर बसले, रिअॅक्टर बसले.
दंड बंद. शेठनी पेढे वाटले.
रिपोर्टची पंचेचाळीस पानं,
शेवटची लहर इतकी गोल
की दिघे सर असते तर दाखवली असती.

परवा गेले होते.
बल्ब जळत होता, गप्प,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा.
मंछाबेन त्याच्याकडं बघत बसलेली.
चहा दोनदा उतू गेलेला, एकदा गार.
'तमे एने शुं कर्युं?'
रागानं नाही,
डॉक्टरला विचारतात तसं.

मी सांगायला गेले: फ्लिकर, मर्यादा, डोळ्यांना त्रास...
थांबले.
म्हटलं, कान द्या. वितळलं की आवाज बदलतो.
तिनं डाव्या कानाला हात लावला.
ह्यानं नाही येत. अकरा वर्षं
गेटाकडं हाच होता.

मी स्टूल ओढलं, तिच्या उजव्या बाजूला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
आवाज बदलला तसं म्हटलं,
आता.