घरयादी

परीक्षा संपल्या आणि आम्हाला जनगणना लागली.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत चार निळी पेनं,
आणि वाट्याला आलेला गट:
विश्वामित्रीच्या पुलाखाली सुरू होऊन
‘मगरींपासून सावध’ या पाटीपाशी संपणारा.

सत्तेचाळिसाव्या दारात रूपल बैसाणे उभी.
सहावी ब, हजेरी क्रमांक एकतीस.
हिलाच मी फेब्रुवारीत दोन तास बाकावर उभं केलं होतं,
वही आणली नाही म्हणून.
‘बेन, तुम्ही?’ म्हणाली
आणि गोणपाट झटकून अंथरलं, मला बसायला.

फॉर्म विचारेल ते मी विचारत गेले.
भिंत कशाची?
तीन बाजूंनी पत्रा, चौथीला निवडणुकीचा फ्लेक्स,
हात जोडलेला उमेदवार,
मान कापून शेजाऱ्याच्या भिंतीत गेलेली.
खोल्या किती?
तिची आई हसली फक्त.
माणसं किती? सहा.
रात्री सात, मामा रिक्षा लावून येतो.
दिवा कशावर?
शेजारून वायर घेतलीये, दहाला तो बटण बंद करतो.
फॉर्मला आकडा हवा होता.
शेजाऱ्याच्या बटणाला आकडा नव्हता.

तेवढ्यात वर नजर गेली.
वाशाला, जिथे पूर्वी शिंकं असायचं दह्यादुधाचं,
तिथे प्लास्टिकची पिशवी, घट्ट गाठ मारलेली,
आत तीन वह्या, भूगोल, आणि माझं मराठीचं पुस्तक.
‘पाणी भरतं ना बेन, पावसाळ्यात.
आणि खाली ठेवलं की धाकटा फाडतो.
पप्पा असले की काढून देतात. माझा हात नाय पोचत.’
पप्पा मकरपुऱ्याला, रातपाळीत.
‘मग तेव्हा सांगायचं होतंस.’
‘कारणं नकोत, म्हणालात.’

म्हणाले असेन. रोजच म्हणते.

त्या वर्षी आमच्याकडे दहावी होती.
असंच सांगायचो आम्ही, आमच्याकडे दहावी आहे,
घरात बाळंतपण असावं तसं.
केबल काढली. कुकरच्या शिट्ट्या पहाटेच उरकल्या.
सासूबाई जप मनात करत.
नवरा रावपुऱ्यातून झेरॉक्स आणी,
मी ओजसच्या उशाशी भिजवलेले बदाम ठेवी,
आणि तो समीकरणं सोडवत असला
की आम्ही तिघं चवड्यांवर चालायचो.
मेअखेर शहाऐंशी टक्के आले.
पोरानं नाव काढलं, मी पेढे वाटत म्हणाले,
स्वतःच्या बळावर हं. एक क्लास नाही लावला.
खरंच नव्हता लावला.

फॉर्मच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं:
वह्या तीन, जमिनीपासून साधारण साडेसात फूट.
सुपरवायझरनं खोडरबर फिरवलं.
‘बेन, रकान्याबाहेर नाही लिहायचं.’

जूनमध्ये सातवीला समास घेतला.
गृहपाठ. विग्रह करा.
‘घरी करायचा पाठ,’ पहिला बाक एका सुरात.
बरोबर. पैकीच्या पैकी.
तरी फळ्यावर लिहिताना खडू ‘घ’पाशीच थांबला.
घरी, घराचा, घराने दिलेला,
नुसती विभक्ती बदलली
तर अर्थ कुठल्या कुठे जातो.
अजून कुणी सांगेल? मी विचारलं.

मागच्या बाकावरून रूपलने हात वर केला,
टाचा उचलून, बोटं ताणून,
आणि उत्तर ऐकायचं सोडून
मी डोळ्यांनी मोजत राहिले:
वाशाला अजून दोन विती कमी.