गणेशवेल, लेक चार्ल्स

विमानातल्या फॉर्मवर विचारलं होतं:
बिया, माती, फळं, झाडपाला?
मी 'नाही'वर फुली मारली,
आणि चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली
चौदा काळ्या बिया
माझ्याबरोबर खोटं बोलल्या.

एप्रिलमध्ये नेलकटरने एकेकीची पाठ खरवडली,
रात्रभर चहाच्या कपात भिजत घातल्या.
प्रभंजनने सकाळी तो कप जवळजवळ तोंडाला लावलाच.
नऊ रुजल्या.

पानं कसली, शेपूच.
पन्हळीपासून कठड्यापर्यंत मी सुतळ्या ताणल्या,
तिला त्या पुरल्या नाहीत;
एसीचं खोकं झालं, टपालपेटीचा खांब झाला,
एक शेंडा तर दोन दिवस
नुसत्या हवेलाच चाचपत होता.

जुलैत पहिलं फूल:
लाल, पाच टोकांचं, शर्टाच्या बटणाएवढं.
आणि दुसऱ्याच दिवशी तो आला.
मला वाटलं, भुंगा.
मग वाटलं, फ्रिज बिघडला.
वळला तेव्हा गळ्यावर निखारा,
नाही वळला तर नुसतं काजळ.
प्यायला, आणि मागे मागे सरकत गेला,
देवाला पाठ न दाखवता
गाभाऱ्यातून निघावं तसा.

शेजारच्या ओडील व्हेरेबाईंपाशी मी गुन्हा कबूल केला.
एकोणऐंशीच्या बाई हसता हसता खोकल्या.
"अगं, ही? ही तर माझ्या आईच्या खुराड्यावर चढायची!
मी दरवर्षी उपटून टाकते.
मेक्सिकोकडची आहे ती.
तुमच्याकडे कुणीतरी बोटीने नेली असेल."

म्हणजे गणेश हे तिचं सासरचं नाव.
मी सावंतवाडीच्या कुंपणावरून
तिला तिच्याच माहेरी
चोरून आणलं होतं.

ऑक्टोबरात हमिंगबर्ड जातात.
पैशाच्या नाण्याएवढं वजन, आणि पुढे अख्खं आखात, एका दमात.
ओडीलबाईंचा मुलगा तेलाच्या फलाटावर असतो;
तो सांगतो, कधीकधी पहाटे दोरावर एखादा दिसतो,
डोळे मिटलेला,
आणि कामगार ड्रिल जरा उशिरा सुरू करतात.
खरं-खोटं तो जाणे.

वेल आता वाळलीय. बोंडं हातात कुरकुरतात.
डिसेंबरात घरी जायचंय.
डबी धुऊन उन्हात ठेवलीय,
फॉर्मचं अजून ठरत नाही.