झाकणाच्या आत

बुधवारचा बाजार. कांद्याच्या पालाला लागून माझी काचेची पेटी,
पेटीवर छत्री, छत्रीवर ऊन.
कुंदाताई नेवारे, उपकेंद्राच्या नर्सबाई,
मनगटावरचा पांढरा पट्टा चोळत म्हणाल्या,
"लीलाधरभाऊ, काटा जागच्या जागीच फडफडते.
लेकराचे श्वास मोजाचे असते मले, मिनिट पुरा.
मोबाइलात पाह्यलं तं माय घाबरते,
तिले वाट्टे, बाई कोनाले फोन लावून राह्यली."

डोळ्याला भिंग चढवलं
आणि तोंड सुटलं माझं.

झाकण चाकूनं उचकलेलं, काठावर दातांचे व्रण.
रबराची कडी खोबणीतून निसटून दुमडलेली,
तिथूनच शिरला असणार पावसाळा.
गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला नेत मी विचारलं,
"कोन्या गाढवानं खोलली होती जी ही?"

कुंदाताई पिशवीतली मेथी चाळू लागल्या.

सेल भलत्याच मापाचा, लहान.
हलू नये म्हणून कडेला कोंबलेली
खऱ्याची पन्नी, आठ घड्या घालून.
दोनातला एक स्क्रू गायब.
दुसऱ्याचं डोकं इतकं खरवडलेलं
की चीर म्हणून काही उरलीच नाही.
कॉइलच्या तारेवर ओरखडा. केसाहून बारीक तार ती,
वाचली कशी कोण जाणे.
"अशा मानसाच्या हातात पेचकस नाही,
कुदय द्या लागते," मी म्हणालो.
"हं," कुंदाताई म्हणाल्या.

मग दिसलं, काटा का फडफडतो ते.
खरवडलेल्या स्क्रूचा एक कीस,
नखाच्या चंद्राएवढाही नाही,
आतल्या इवल्या चुंबकाला बिलगून बसलेला.
दर सेकंदाला चाक निघायचं,
दर सेकंदाला अडायचं.
तिथं लोखंडी चिमटा चालत नाही,
चुंबक त्यालाच ओढून घेतं.
बाभळीचा काटा घेतला, टोकाला किंचित मेण लावलं,
श्वास धरला.
कांदेवाला ओरडत होता, वीस ला दोन, वीस ला दोन.
कीस आला.

मेलेल्या एका घड्याळातले दोन स्क्रू काढून बसवले,
मापाचा सेल, नवी कडी.
झाकण लावण्याआधी आतून पुसायला घेतलं.
आमच्या धंद्यात एक रीत आहे,
कामाची तारीख आणि आपलं अक्षर
झाकणाच्या आत सुईनं कोरायचं,
गिऱ्हाइकाला दिसत नाही,
पुढच्या कारागिराला दिसतं.

ली. १९-१०.
लीची वेलांटी खारीच्या शेपटीसारखी वळलेली.
अशी वेलांटी या तालुक्यात
एकच माणूस काढतो.

दिवाळीच्या आधीचा बाजार.
पट्टे बदलायला रांग, शेजारच्या पालाचा उसना बल्ब,
आणि त्या दिवशी
भिंग घरी राहिलं होतं.

"तुमाले माहीत होतं?"
"हाव."
"मंग बोल्ल्या काहून नाही?"
"तुमी बोलत होते न, बाप्पा."

घड्याळ बांधून त्यांनी
आपल्याच मनगटावर बोटं ठेवली, काट्याकडं पाहत राहिल्या.
पूर्ण एक मिनिट.
इतका वेळ माझ्या कामाकडं
कोणी पाहिलं नव्हतं.
"चौऱ्याहत्तर," म्हणाल्या. "आता तुमचा हात आना इकडं."
दिला.
"ब्यान्नव. खर्रा कमी करा."
सेलचे पैसे पेटीवर ठेवून गेल्या, मी नको म्हणेपर्यंत
वांग्यांच्या ढिगाआड.

जुन्या तारखेखाली आजची तारीख कोरली होती मी.
या खेपेस अक्षर काढताना
वेलांटी सरळ आली.

सांजेला पेटी आवरताना चटई उचलली,
खालची धूळ चुंबकानं चाळली.
दिवाळीपासून इथंच असेल म्हटलं, जाईल कुठं.
एक स्क्रू सापडला.
भिंगाखाली धरला. तिच्या घड्याळाचा नव्हता,
आणखी कोणाचा तरी.