नोंद क्रमांक एकेचाळीस

हरिपूरच्या शाळेत, बंद पडलेल्या प्रयोगशाळेत
गावाचं संग्रहालय मांडतोय आम्ही.
तायाप्पा ऐनापुरे कंदील घेऊन आले.
काच नाही. वात नाही.

नसीमबाईंनी वही उघडली.
साल?
"पुराच्या आधीचं."
कुठल्या पुराच्या?
ते खिडकीतून नदीकडे बघत बसले.

"पेव उघडलं की आधी ह्यो सोडायचा, दोरीनं.
इझला, तर कुणी उतरायचं न्हाई.
तेवत ऱ्हायला, तर मी."

उपयोग, या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं:
उजेडासाठी.
"उजेडाला न्हवं बाई,
हवा इचारायला."

खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं.
मी कंदील पुसला,
फडकं पिवळं झालं, जरासंच.

काचेच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवणार
तोच दारातून म्हणाले,
"लगीच लावू नगा.
थोडी हवा खेळू द्या आत."