एकच क्रमांक

कुताइसीत रात्री दोनला झुराब लॉग चाळतो.
नानुलीबाईंनी नवऱ्याच्या थडग्यासाठी दगड मागवला,
चारशे ऐंशी लारी.
पहिला गेटवे गप्प राहिला,
तर झुराबच्या कोडने घाईघाईत
दुसऱ्याचं दार ठोठावलं.
पैसे दोन्हीकडे कापले गेले.

फोनवर त्या भांडल्या नाहीत.
"बाळा, ते एकदाच गेले रे,"
एवढंच.

आता प्रत्येक ऑर्डरला जन्मतःच एक क्रमांक,
कुठल्याही दारी गेली तरी तोच.
पहिला बोलेना, तर थांबायचं,
त्यालाच पुन्हा विचारायचं:
गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे.

मग तो बाईंना निरोप टाइप करतो:
सात दिवसांत परत येतील.

थबकतो.
मागे जाऊन
आधी "पैसे" घालतो.