ताण

मार्गशीर्षात दादा बागेचं पाणी तोडतो.
पानं कडेने वळतात, आळ्यात बोटभर भेग पडते,
आणि बांधावरून तो म्हणतो, "बसला ताण."
तहानलेलं संत्र्याचं झाड घाबरून फुलतं.
बेनोड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणूनच की काय, श्रुतिका,
तू ताट सरकवलंस तेव्हा आम्हाला वाटलं
काहीतरी फुलणार आहे.
गुल्हानेकाकू तर म्हणाल्या,
"उपास धरते पोरगी, गुणाची हाय व माय."

वैशाखात तू स्वेटर घालून माझ्या लॅबमध्ये आलीस.
बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.
वीस वर्षं सुया टोचतेय मी,
तुझी शीर सापडेना.
मनगटावर बारीक लव, तान्ह्या बाळासारखी:
शरीर आतून आणखी एक स्वेटर विणत होतं.

मला रिपोर्ट वाचता येतो, तेवढंच येतं.
पेशीत एक गवंडी असतो.
विटा आल्या का, रोज विचारतो,
नाही म्हटलं की थापी ठेवून बसून राहतो.
आणि एक वायरमन.
वीज उतरली की भारनियमन लावतो,
आधी अंगणातला दिवा, मग मोटर, मग चुलीपाशीचा.
थायरॉईडने वात बारीक केली.
नाडी चुडामणीच्या उन्हाळी धारेसारखी,
आहे म्हणायची.

चरबीकडून मेंदूला एक चिठ्ठी जायची,
"घरात दाणा आहे," एवढंच लिहिलेली.
लेप्टिन म्हणतात तिला.
चिठ्ठी थांबली.
दाणा नसलेल्या घरात पाहुणा कोण बोलावतं?
मेंदूने पाळीचं दार लावून घेतलं.
आठ महिने.
वहिनी कुणाला बोलली नाही,
तिला भलतीच भीती होती.

भूक मेली नव्हती पण.
घ्रेलिन रात्रभर कडी वाजवत होतं
आणि तू आतून सांगत होतीस,
"मले भूकच नाही व आत्या."
तुला ते खोटं वाटत नव्हतं,
हेच मला कुठल्या नळीत भरता आलं नाही.

दादाने सगळं ऐकलं. बराच वेळ तंबाखू मळली.
"जास्त ताण बसला तं झाड फुलत नाही," म्हणाला,
"सल धरते."
सल म्हणजे वाळलेली काडी.
आमच्याकडे हा शब्द आधी झाडाचा, मग मनाचा.

नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हळू.
एकदम वाढाल तर रक्तातलं फॉस्फरस कोसळेल,
काळीज दगा देईल.
दादाला हे शिकवावं लागलं नाही.
ताण तोडताना पहिलं पाणी आंबवणीचं, हलकं,
मुळांना नुसतं कळावं म्हणून.
चिंबवणी मागून.

तर आज आंबवणी.
वाटीत भाताची पेज,
तू चमच्याने कड खरवडत बसलीयस.
वहिनी घासलेलीच भांडी पुन्हा घासते,
वाटीकडे बघत नाही.
मागे बागेत दादा सल काढतोय,
कात्री वाजते, थांबते, वाजते.

अर्धी वाटी उरली.
सोमवारी मी पुन्हा शीर शोधीन.